नोव्हेंबरचा पंच

सोमवार, ९ जून. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी गणराज कंपनीच्या बसमधून चाकणच्या तळेगाव चौकात उतरला आणि कंपनीत पोचला नाही.

बस रोजच्यासारखी चौकात अडकली होती. पुढे दोन कंटेनर, मागे कांद्याच्या गाड्या. गेट अजून दीड किलोमीटर लांब. "चालत येतो, पाय मोकळे व्हतील," असं तो शेजारी बसलेल्या हरिहरला म्हणाला. महिन्यातून दोनतीनदा तो असा उतरायचा, त्यामुळे हरिहरनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. सातला पाळी सुरू झाली तेव्हा गणराजच्या प्रेस मशीनवर दुसराच माणूस उभा होता. सीटवर डबा तेवढा राहिला होता. स्टीलचा, झाकणावर लाल ऑइलपेंटनं ४४१७ हा आकडा. गणराजचा टोकन नंबर.

संध्याकाळी तो डबा हरिहरनंच रावेतच्या गावठाणात नेऊन दिला. दार गणराजच्या बायकोनं, सायलीनं उघडलं. तिनं आधी डबा पाहिला, मग हरिहरच्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

गणराज सापडला नाही. मोबाइल चौकातच बंद झाला होता. पोलिसात नोंद झाली, आळंदी, देहू, ससून सगळं पाहून झालं. घरात भांडण नव्हतं. कुणाचं देणं नव्हतं. दारूला तो शिवत नसे. एवढं सगळं 'नव्हतं' जमा झाल्यावर 'होतं' ते काय, हे कुणालाच सांगता येईना.

हरिहरला एक गोष्ट माहीत होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. माणसं हसली असती.

*

सहा वर्षांपूर्वी या बसमध्येच एक खोटं जग सुरू झालं होतं. हरिहर कंपनीत क्वालिटीत. रोज पाळी संपताना तीनच्या आत अहवाल द्यायचा, कुठला पार्ट पास, कुठला नापास, आणि का. त्याच्या हाती संगणकावरचा एक मुष्टियुद्धाचा खेळ लागला. त्यात माणूस काही खेळत नाही. बॉक्सर तयार करायचा, त्याची ताकद, वेग, मार सोसायची क्षमता आकड्यांत भरायची आणि बटण दाबायचं. मग संगणक फेरीमागून फेरी लढत लिहून काढतो. कोण जिंकेल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं.

बघता बघता बसमधली अकरा जणं सामील झाली. प्रत्येकाचे आपापले बॉक्सर, वेगवेगळ्या वजनांचे. कंपनीत पाळ्या तीन, म्हणून या जगाचं नाव पडलं 'चौथी पाळी'. चाकण पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, म्हणून महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी जेवणं झाली की हरिहर आपल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून लढती चालवायचा आणि निकाल ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांचा जीव अडकलेला तो बँटमवेट गटात. साडेत्रेपन्न किलो. चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी साधारण तेवढीच भरते, म्हणून बसमध्ये त्याला 'गोणीचा गट' म्हणत.

नियम थोडे होते आणि हरिहर ते पाळून घ्यायचा. पहिला नियम गणराजनंच सुचवला होता. "बॉक्सरनं ठोसा मारायच्या आधी मालकानं पंच मारला पायजे." तेव्हा कंपनीत कार्डाला पंच मारत तसा. हरिहरच्या पुतण्यानं, क्षितिजनं, त्यासाठी इंटरनेटवर एक पान करून दिलं होतं. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत तिथं आपला टोकन नंबर टाकायचा, की त्यापुढं तारीख आणि वेळ उमटते. पंच नाही तर त्या महिन्यात लढत नाही. सलग तीन महिने पंच नाही, तर बॉक्सरचं नाव कमी. हजेरीपटावरून होतं तसंच.

दुसरा नियम हरिहरचा. एकदा चाललं ते चाललं. लढत पुन्हा चालवायची नाही.

गणराजच्या बॉक्सरचं नाव सोनबा. ते त्याच्या आजोबांचं नाव, गावच्या उरुसात कुस्त्या मारलेला माणूस. चार वर्षं सोनबा गोणीचा विजेता होता. २९ मे रोजी, गुरुवारी, रविराजच्या हिंदुरावनं त्याला नवव्या फेरीत पाडलं. रविराज लातूरकडचा, गणराजच्या शेजारच्याच प्रेसवरचा. आठ फेऱ्या सोनबा पुढं होता. नवव्या फेरीत डावा हूक, आणि दहापर्यंत मोजून झालं तरी तो उठला नाही. संगणकानं तसं लिहिलं.

संध्याकाळी गणराजचा फोन आला.

"हरिभाऊ, एकदा पुन्हा चालव की."

"गणराज, नियम आहे."

"एकदाच. कुणाला सांगू नगं. काय व्हतंय?"

"काही होत नाही, म्हणूनच नको. तुझ्यासाठी केलं तर उद्या सगळे मागतील."

गणराज हसल्यासारखं बोलला, "व्हय, ते बी खरंच." आणि फोन ठेवला. रविवारी, पहिल्या तारखेला, त्यानं नेहमीसारखा जूनचा पंच मारला. सहा वर्षांत त्याचा पंच कधी एक तारीख सोडून पडला नव्हता. आठ दिवसांनी, सोमवारी, तो बसमधून उतरला.

खेळातल्या लढतीपायी कोणी घर सोडत नाही. हरिहर हे स्वतःला रोज सांगायचा, अहवालातल्या ठरलेल्या वाक्यासारखं.

*

जुलैला पंच पडला नाही. ऑगस्टलाही नाही. सप्टेंबर कोरा गेला असता तर नियमानं सोनबाचं नाव कमी करावं लागणार होतं, आणि ते करायचं होतं हरिहरला. पंधरा तारीख जवळ येत चालली तसा तो ते पान दिवसातून दहादा उघडायला लागला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं पान उघडलं आणि कँटीनमध्ये उभाच राहिला. ४४१७. सकाळी ६.४१.

ज्या माणसानं सतरा वर्षांत एकही पार्ट मोजल्याशिवाय पास केला नव्हता, त्यानं हा आकडा न तपासता पास केला. त्यानं तिथूनच सायलीला फोन लावला. तो काय बोलला ते त्याला नंतर नीट आठवेना. तिचा प्रश्न तेवढा आठवत होता.

"म्हंजी हायत ना?"

"आहे, वहिनी. आज सकाळी सहा एक्केचाळीसला होता."

सायलीनं त्या पानाची प्रिंट काढून पोलीस ठाण्यात नेली. तिथल्या हवालदारानं ती सरळ धरून, तिरकी धरून वाचली आणि विचारलं, "यातला सोनबा कोण? त्याचा पत्ता द्या, त्याला बोलावून घेतो." पान फुकटातलं, तिथं नंबर आणि वेळ याशिवाय काही साठत नव्हतं. तपास तिथंच थांबला, पण घर थांबलं नाही. सायली पुन्हा शिवणाच्या क्लासला जायला लागली. गणराजची आई आक्काबाई उंबऱ्यात बसून असायच्या, त्या जेवायला लागल्या. हरिहर रस्त्यानं जाताना दिसला की त्या हाक मारायच्या, "हरी, हजेरी लागली का रं माझ्या गनाची?"

१३ ऑक्टोबर, सोमवार, पुन्हा सकाळी ६.४१. हरिहरनं गाडी थांबवून आक्काबाईंना सांगितलं, "लागली."

इकडं खोट्या जगात सोनबा लढत होता. सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तो गुणांवर जिंकला, ऑक्टोबरमध्ये सहाव्या फेरीत. १३ नोव्हेंबरला तिसरा पंच पडला, सकाळी ६.५२. २७ नोव्हेंबरला सोनबा आणि हिंदुराव समोरासमोर आले. पूर्ण बारा फेऱ्या. नवव्या फेरीत सोनबा पडला, हरिहरचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला, आणि आठ म्हणेपर्यंत तो उठला. शेवटी तिन्ही परीक्षकांनी कौल त्याच्याकडं दिला. ग्रुपवर निकाल पडल्यावर पहिलं अभिनंदन यायला हवं होतं हरलेल्या रविराजचं. नेहमीची रीत होती. ते आलं नाही.

*

वार्षिक आढावा दर वर्षी ३१ डिसेंबरला निघायचा, दुसऱ्या पाळीच्या चहाच्या सुट्टीआधी, सहाच्या आत. गोणीच्या गटाला त्यात सगळ्यांत जास्त जागा. हरिहर आठवडाभर आधी तक्ते मांडायचा.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी लढती संपवून त्यानं वर्षभराचे पंच एका कागदावर उतरवले. सोनबाची ओळ लिहिताना पेन थांबलं. १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च, १ एप्रिल, १ मे, १ जून. मग १२ सप्टेंबर. १३ ऑक्टोबर. १३ नोव्हेंबर. डिसेंबर कोरा. पहिल्या तारखेला पंच मारणारा माणूस मुदत संपत आल्यावर मारतो? आणि दोनदा नेमक्या सहा एक्केचाळीसला? त्या वेळी बस तळेगाव चौकातून सुटून गेटच्या रांगेत उभी असते. हरिहरनं डोळे मिटले. त्या शुक्रवारी आणि त्या सोमवारी, गणराजच्या रिकाम्या जागेवर, त्याच्या शेजारी रविराज बसला होता. हातात मोबाइल.

"काय झालं?" मृदुलानं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"काही नाही. एक पार्ट परत आलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यानं रविराजला तळेगाव चौकात उतरवून घेतलं. दोघं चहाच्या गाडीपाशी उभे राहिले. चहा हातात आला तसा हरिहर म्हणाला,

"सप्टेंबरचा पंच तू मारलास."

रविराजनं नाही म्हटलं नाही. "भाऊ, नाव कमी झालं असतं."

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून? माझी पोरगी जन्मल्यावर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा आठ दिवस गणादादानं माझं कार्ड पंच केलं. सायबाला पत्ता लागू दिला नाही. आता ती मशीन तोंड बघून हजेरी घेती, नाहीतर मी कंपनीत बी मारला असता त्याचा पंच." त्यानं ग्लास गाडीवर ठेवला. "चारचौघांत त्याचं नाव राहावं म्हणलं. तेवढंच माझ्या हातात होतं. मला काय म्हाईत तुम्ही लगेच वहिनीला फोन लावताल!"

"मला सांगायचंस."

"कवा सांगू? शनिवारी बसमध्ये चढलो तर तुम्हीच सांगत बसलात, वहिनी रडल्या, म्हातारी जेवली. मी म्हणू का, की खायलेला घास थुका म्हणून?"

शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला.

"आणि ऑक्टोबर?"

"तो बी मीच. सप्टेंबरात जित्ता झालेला माणूस ऑक्टोबरात मारू का मी? पर नोव्हेंबरात नाही जमलं, भाऊ. माझ्याच हिंदुरावसमोर मीच त्याला उभा करायचा? ठरवलं, आता बास. तुम्हाला सांगायचं ठरवलं. तर तेरा तारखेला बघतो तर पंच पडलेला."

"कुणी मारला?"

"मला वाटलं तुम्ही."

हरिहरच्या हातातला चहा गार झाला होता. १३ नोव्हेंबर. गुरुवार. त्या दिवशी बस नव्हती, पाळी नव्हती. सकाळी सहा बावन्नला रविराज घरी झोपलेला असणार, हरिहर तर होताच.

"शपथ घे."

"पोरीची घेतो. नोव्हेंबरचा माझा नाही."

*

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हरिहर रावेतच्या गावठाणात गेला. आक्काबाई देवळात गेल्या होत्या, त्याला तेवढंच बरं वाटलं. सायली शिलाई मशीनवर बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, तारखेला तारीख लावून, अहवाल द्यावा तसं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगता येईल हे त्याला माहीत नव्हतं.

सायली मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजी मी पोलिसात कागद घेऊन गेले, तो रविभावजींचा पंच."

"हो."

"आन् आत्यांना मी घास भरवला, तो बी त्येंचाच."

"वहिनी, चूक माझी. मी तपासलं नाही."

"तुमी कशाला तपासताल? मी तरी कुटं तपासलं!" ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो त्याला द्यायचा विसरून हातात धरूनच उभी राहिली. "मग नोव्हेंबरचा?"

"तेच विचारायला आलो. त्याचा नंबर तुम्हाला..."

"नंबर न्हाई ठाऊक व्हय? रोज डबा घासतीया मी." तिनं फळीकडं बोट दाखवलं. तिथं तो डबा पालथा ठेवला होता. "पर मी न्हाई मारला. मला ते पान उघडाया येत न्हाई. प्रिंट बी दुकानातल्या पोरीनं काढून दिली."

हरिहर तिच्याकडं पाहत राहिला. सतरा वर्षं तो पार्टकडं असाच पाहत आला होता. यावेळी त्याला काही कळेना.

"बसमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे त्याचा नंबर," तो म्हणाला. "दहा जणांपैकी कुणीही मारला असेल. मी एकेकाला विचारलं. सगळे नाही म्हणतात."

"सगळे न्हाई म्हणत्यात, तर मग ऱ्हायलं कोण?"

गणराजचं नाव त्यानं घेतलं असतं तर पुन्हा सप्टेंबर झाला असता.

"आढाव्यात काय लिवणार?" तिनं विचारलं. आढावा ती दर वर्षी ऐकायची, गणराज तो घरात मोठ्यानं वाचून दाखवायचा.

"नियमानं दुसऱ्यानं मारलेला पंच बाद. सप्टेंबर बाद केला की तीन महिने कोरे होतात. म्हणजे सोनबाचं नाव सप्टेंबरातच कमी. मग पुढच्या लढती बाद. नोव्हेंबरचा पंच पण बाद, कारण तेव्हा नावच नव्हतं."

"तो खरा असला तरी?"

"खरा असला तरी."

सायलीनं तांब्या खाली ठेवला. "त्या दिशी, मे महिन्यात, जेवले न्हाईत ते. मी म्हणलं काय झालं? म्हणले, आज्जा पडला. मी म्हणलं, आवो आज्जाला जाऊन बारा वर्सं झाली. तर म्हणले, न्हाई, आज पडला."

हरिहरनं मान खाली घातली. पुन्हा चालव म्हणून गणराजनं केलेला फोन त्यानं सहा महिने कुणाला सांगितला नव्हता. आता सांगितला. नियम आहे, हे आपण म्हणालो, तेही सांगितलं.

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पुन्ना चालवली असती, आन् पुन्ना पडला असता, तर?"

बाहेर आक्काबाईंच्या काठीचा आवाज आला. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या. हरिहरला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"हरी, डिसेंबरची लागली का रं?"

हरिहरनं सायलीकडं पाहिलं. सायली मशीनवर बसली होती आणि सुईत दोरा ओवत होती.

"नाही, आक्का," तो म्हणाला. "डिसेंबरची नाही लागली."

"लागंल," म्हातारी म्हणाली आणि काठी भिंतीला टेकवून आत गेली.

*

३१ डिसेंबर, बुधवार. पाळी करून हरिहर पाचला घरी पोचला. बाकीचे गट आधीच लिहून झाले होते. गोणीचा तेवढा राहिला होता. त्यानं पहिल्यांदा नियमाप्रमाणे लिहिलं: सोनबा, नाव कमी, सप्टेंबर. विजेता हिंदुराव. ते वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. मग खोटे पंच मारणारा म्हणून रविराजचं नाव येणार आणि ते ग्रुपवर पडल्यावर पाळीतली माणसं त्याला काय म्हणतील, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पण त्यानं ते खोडलं ते त्यासाठी नाही. खोडताना त्याच्या मनात तारीख होती १३ नोव्हेंबर. कुणीतरी त्या गुरुवारी सकाळी उठून चार आकडे टाकले होते. ते कोण, हे कळेपर्यंत हा पार्ट पासही नव्हता आणि नापासही. कंपनीत अशा पार्टसाठी वेगळी पिवळी पेटी असते. त्यात टाकायचा आणि वर चिठ्ठी लावायची: निर्णय बाकी.

पाच अठ्ठेचाळीसला त्यानं आढावा ग्रुपवर टाकला. गोणीच्या गटाचा मजकूर असा होता:

"बँटमवेट. वर्षभरात एकोणतीस लढती, त्यांपैकी अकरा नॉकआउट. २९ मे रोजी हिंदुराव (रविराज) यानं सोनबाला (गणराज) नवव्या फेरीत पाडून किताब घेतला. ती लढत पुन्हा चालवावी अशी मागणी झाली होती. ती संयोजकानं नाकारली. २७ नोव्हेंबरला सोनबानं बारा फेऱ्यांनंतर किताब परत मिळवला. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पंच सोनबाच्या मालकानं मारलेले नाहीत, हे संयोजकाला आता कळलं आहे. ते तपासायचं काम संयोजकाचं होतं, आणि ते झालं नाही. नोव्हेंबरचा पंच कुणी मारला ते कळलेलं नाही. किताबाचा निर्णय बाकी.

"गणराज, टोकन ४४१७. शेवटचा पंच गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५२. डिसेंबरचा रकाना कोरा."